मुलांसह डोंगरावरचा मुक्काम: चार प्रकारच्या निवासांचे परीक्षण

गेल्या सहा वर्षांत आम्ही मुलांना घेऊन चार वेळा डोंगरावरच्या पर्यटनस्थळी सुट्टीला गेलो आणि चारही वेळा वेगवेगळ्या प्रकारच्या निवासात राहिलो. पहिल्या वेळी मोठ्या हॉटेलातील एक फॅमिली रूम घेतली, दुसऱ्या वेळी स्वयंपाकघर असलेले दोन शयनगृहांचे अपार्टमेंट, तिसऱ्या वेळी गावापासून दूर असलेले स्वतंत्र लाकडी कॉटेज आणि चौथ्या वेळी एका कुटुंबाने स्वतः चालवलेले लहानसे गेस्ट हाऊस. पहिल्या सुट्टीत मुलगी चार वर्षांची आणि मुलगा सात महिन्यांचा होता; शेवटच्या सुट्टीत ती साडेनऊ वर्षांची आणि तो सहा वर्षांचा झाला होता. मधल्या दोन सुट्ट्यांत सासूबाईही सोबत होत्या. कोणत्या वयात कोणता निवास सोयीचा ठरला आणि कुठे आमची निवड चुकली, हे सांगण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे. जागांची नावे मी देत नाही, कारण यातले बहुतेक गुणदोष त्या त्या प्रकारच्या निवासातच असतात आणि ते कुठेही गेले तरी भेटतात.

निवास निवडताना आपल्या डोळ्यांसमोर दिवस असतो: खिडकीतून दिसणारे शिखर, अंगणातले ऊन, रोपवेची रांग. प्रत्यक्षात मुलांसह गेलेले कुटुंब दिवसाचा बराचसा वेळ बाहेरच काढते आणि खोलीशी त्याचा खरा संबंध येतो तो संध्याकाळी पाचपासून सकाळी आठपर्यंत. शहरातल्या हॉटेलात मुले कंटाळली तर त्यांना घेऊन रस्त्यावर एक फेरी मारता येते. डोंगरात सूर्य कड्याआड गेला की लगेच गारठा उतरतो, वाटा निसरड्या होतात आणि त्यापुढचे पंधरा तास चार-पाच माणसांना चार भिंतींच्या आत काढायचे असतात. त्या पंधरा तासांत मुले जेवतात, ओले कपडे वाळतात, कुणाला तरी ताप येतो, कुणाला झोप लागत नाही. मी आता प्रत्येक जागेची पारख याच पंधरा तासांवरून करते.

हॉटेलातील फॅमिली रूम ही बहुतेक ठिकाणी नेहमीचीच खोली असते. तिच्यात एक सोफा-कम-बेड आणि एक जादा गादी टाकलेली असते, इतकाच काय तो फरक. ‘चार जणांसाठी’ असे जाहिरातीत लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते, कारण चार जण तिथे झोपू शकतात. अडचण अशी की चार जण एकाच वेळी झोपत नाहीत. आमचा मुलगा साडेसातला झोपायचा आणि मुलगी साडेआठला. त्यानंतर दिवा लावणे, बोलणे, बॅगेची चेन उघडणे, सारेच अशक्य होऊन बसायचे. पाच रात्रींपैकी तीन रात्री आम्ही दोघे न्हाणीघराचा दिवा लावून, दार अर्धवट लोटून, उंबरठ्याशी उशा टाकून बसलो होतो आणि दुसऱ्या दिवसाचे बेत कुजबुजत ठरवत होतो. गादी अंथरल्यावर पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा उरायची, त्यामुळे रात्री बाळाला घेऊन उठले की माझा पाय हमखास मुलीच्या पांघरुणावर पडायचा. पलंग मोजण्याआधी दारे मोजावीत, हे तेव्हापासून मनात पक्के झाले. मुलांची झोप आणि मोठ्यांचा वावर यांच्यामध्ये बंद होणारे एक दार असेल, तर खोल्या लहान असल्या तरी चालते. ते नसेल, तर प्रशस्त खोलीसुद्धा रात्री आठनंतर अंगावर येते.

यावर हॉटेलवाले दोन खोल्यांचा पर्याय सुचवतात. तो चांगला आहे, पण बुकिंग करताना शब्दांकडे नीट लक्ष द्यावे लागते. ‘शेजारशेजारच्या खोल्या’ आणि ‘आतून दाराने जोडलेल्या खोल्या’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात मुलांकडे जायचे तर दर वेळी थंड व्हरांड्यातून, किल्ली घेऊन जावे लागते, आणि लहान मुलांना तसे वेगळ्या खोलीत ठेवताही येत नाही. त्यामुळे आतल्या दाराची हमी लेखी मागावी. बरेचदा ती ‘उपलब्धतेनुसार’ दिली जाते, आणि मुलांसह निघालेल्या कुटुंबाला अशा हमीचा काडीचाही उपयोग नाही.

तरीही हॉटेलाला पूर्ण नापास करणे अन्यायाचे होईल. त्याच सुट्टीत रात्री दोन वाजता मुलाच्या अंगात ताप भरला, तेव्हा खाली रिसेप्शनवर जागा असलेला माणूस होता. त्याने थर्मामीटर दिला, डॉक्टरांना फोन लावून दिला आणि पंधरा मिनिटांत गरम पाण्याचा थर्मास वर पाठवला. तान्हे मूल घेऊन पहिल्यांदाच डोंगरात जाणाऱ्यांना या आधाराची किंमत फार मोठी वाटेल. बाळासाठी पाळणा मागवला असेल, तर तो पोहोचल्याबरोबर तपासून घ्यावा: गादी कडक आणि सपाट हवी, ती पाळण्यात घट्ट बसायला हवी, आणि आत उशा किंवा जाड रजया नकोत. थंडीच्या भीतीने बाळाला मोठ्यांच्या पांघरुणात घेण्याचा मोह होतो. त्यापेक्षा त्याला उबदार झोपण्याचा पोशाख घालून त्याच्या पाळण्यात, पण आपल्याच खोलीत निजवणे सुरक्षित असते. दोन-तीन रात्रींच्या मुक्कामाला मी आजही हॉटेल घेईन. आठवडाभरासाठी मात्र एका खोलीत पुन्हा राहणार नाही.

दुसऱ्या सुट्टीतील अपार्टमेंटने दाराचा प्रश्न सोडवला आणि अंतराचा उभा केला. ‘रोपवेपासून चालत पाच मिनिटे’ असे त्याच्या वर्णनात म्हटले होते. सकाळी आम्ही खरोखरच पाच मिनिटांत खाली पोहोचलो. संध्याकाळी त्याच वाटेने वर यायला पस्तीस मिनिटे लागली, कारण वाटेत एकशे चाळीस पायऱ्या होत्या, त्यांवर तुडवून घट्ट झालेला बर्फ होता आणि अडीच वर्षांचा मुलगा जड बुटांतले पाय उचलायला तयार नव्हता. एका काखेत मुलगा, दुसऱ्या खांद्यावर घसरगाडी, मागे सासूबाई कठडा धरून एकेक पायरी चढताहेत, असा आमचा रोजचा परतीचा प्रवास होता. चौथ्या दिवशी सासूबाईंनी खाली येणेच सोडून दिले. त्यांचे दिवस खोलीत गेले, याची रुखरुख मला अजून वाटते.

डोंगरातले अंतर मीटरमध्ये विचारून भागत नाही, चढही विचारावा लागतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये पदभ्रमणाचा वेळ काढण्यासाठी एक ठोकताळा मांडला होता आणि तो आजही वापरला जातो: सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर धरावेत आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवावा. या हिशेबाने साठ मीटरच्या चढाला सहा मिनिटे जास्त लागतात. पाच मिनिटांची वाट अकरा मिनिटांची होते, आणि तीही धडधाकट, मोकळ्या हातांच्या प्रौढाची. लहान मूल, सामान आणि बर्फ धरून मी या आकड्याची तिप्पट करते, आणि आमच्या पस्तीस मिनिटांशी ते जवळजवळ जुळते. नकाशावर समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, दिसत असतील, तर निवास आणि रोपवे यांच्यामधल्या रेषा मोजाव्यात. दिसत नसतील, तर ‘वाटेत पायऱ्या किती आहेत आणि बाबागाडी नेता येते का’ एवढे दोन प्रश्न मालकाला विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार बोलके असते. गाडी निवासाच्या दारापर्यंत जाते का, हेही याच ओघात विचारून घ्यावे. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटसारख्या गावात पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना मुळात प्रवेशच नाही. गाडी खालच्या टॅश गावात ठेवून रेल्वेने वर जावे लागते. अशा ठिकाणी स्थानकापासून निवासापर्यंत सामान आणि मुले कशी न्यायची, हे आधीच ठरवलेले बरे. जिथे गाडी जाते, तिथे वळणांचा विचार करावा. दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचे प्रमाण सर्वात जास्त असते, त्यामुळे बाजार, डॉक्टर आणि रोपवे या प्रत्येकासाठी रोज नागमोडी घाट उतरावा लागेल अशी जागा कितीही सुंदर असली, तरी मी सोडून देते.

अपार्टमेंटचे स्वयंपाकघर ही मात्र अशी सोय आहे की तिच्यासाठी मी इतर दोन-तीन उणिवा पोटात घालीन. थकलेल्या मुलांना संध्याकाळी सहाला भूक लागते आणि उपाहारगृहे सात-साडेसातला उघडतात. हा मधला तास-दीड तास घरच्या दोन पातेल्यांमुळे सुखाचा होतो. फक्त उंचीवर शिजायला वेळ लागतो, हे ध्यानात ठेवावे. समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळणारे पाणी २,००० मीटरवर सुमारे ९३ अंशांवर आणि ३,००० मीटरवर सुमारे ९० अंशांवर उकळते. पाणी खदखदत असले तरी ते तितके गरम नसते, म्हणून बटाटे आणि अंडी कच्ची राहतात. कुकर आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. पिण्याचे पाणी उकळून घ्यायचे असेल, तर सपाटीवर एक मिनिट उकळी पुरते; सुमारे २,००० मीटरच्या वर ती तीन मिनिटे ठेवावी. आणखी एक गोष्ट म्हणजे, ‘स्वयंपाकघर’ या शब्दाखाली कुठे पूर्ण शेगडी मिळते, तर कुठे किटली आणि चार पेले. छायाचित्रात शेगडी दिसत नसेल, तर ती नाही असेच समजावे.

तिसऱ्या सुट्टीतल्या कॉटेजबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. स्वतंत्र घर, भोवती देवदारांची राई, मुलांनी कितीही दंगा केला तरी शेजाऱ्यांची तक्रार नाही, अंगणात स्वच्छ बर्फ: पहिल्या दुपारी आम्ही सगळेच हरखून गेलो होतो. घर सुमारे २,६०० मीटर उंचीवर होते आणि आम्ही सपाटीवरून एकाच दिवसात थेट तिथे पोहोचलो होतो. ही आमची पहिली चूक. ‘डोंगरावरचे पर्यटनस्थळ’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या उंचीची गावे येतात. फ्रान्समधले शामोनी सुमारे १,०३५ मीटरवर आहे, झरमॅट सुमारे १,६०० मीटरवर, वाल तोराँस सुमारे २,३०० मीटरवर, तर अमेरिकेतले ब्रेकेनरिज सुमारे २,९०० मीटरवर. सुमारे २,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटच राहतो, आणि त्याहून वर थेट पोहोचणाऱ्यांना डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे असा त्रास बहुधा पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांत, म्हणजे नेमका पहिल्या रात्री सुरू होतो. न बोलणाऱ्या लहान मुलात हाच त्रास चिडचीड, अन्नाला तोंड न लावणे आणि खेळात मन न रमणे, अशा रूपात दिसतो आणि प्रवासाचा शीण म्हणून तो सहज दुर्लक्षिला जातो. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही. महत्त्वाची असते ती झोपण्याची उंची. त्यामुळे एकाच भागात दरीतले गाव आणि वरची वस्ती असे दोन्ही पर्याय असतील, तर मुलांसाठी खालचा घ्यावा, किंवा निदान पहिली एक-दोन रात्री वाटेत खाली मुक्काम करावा. ३,००० मीटरच्या वर तर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य सल्ला आहे.

हे सगळे वाचून गेल्यामुळेच आमची दुसरी चूक झाली. पहिल्या रात्री दहाच्या सुमाराला सासूबाईंचे डोके ठणकू लागले, मग मुलीला मळमळायला लागले, आणि आम्ही ते उंचीच्या खात्यावर टाकले. व्यवस्थापकाला फोन केला, तर तोही म्हणाला, “पहिल्या रात्री असे होतेच, काळजी करू नका. पाणी प्या आणि झोपा.” अर्ध्या तासाने माझेही डोके जड झाले. आम्हा तिघींना एकाच वेळी, एकाच खोलीत हे होत होते आणि बाहेरच्या खोलीत लाकडे आणायला जाऊन-येऊन असलेल्या माझ्या नवऱ्याला काहीच होत नव्हते. तेव्हा माझे लक्ष कोपऱ्यातल्या गॅसच्या हीटरकडे गेले. आम्ही तो बंद केला, झोपलेल्या मुलाला उचलले, सगळे बाहेर पडलो आणि गाडीत बसलो. मोकळ्या हवेत तासाभरात डोकी बरीच हलकी झाली. तसेच खाली गावातल्या दवाखान्यात गेलो आणि तिथे आमची शंका खरी निघाली. दुसऱ्या दिवशी आलेल्या कारागिराने हीटरचे धुराडे उघडले, तर ते आतून निम्म्याहून अधिक बुजलेले होते. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नव्हता.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि त्याची सुरुवातीची लक्षणे उंचीच्या त्रासाशी इतकी जुळतात की जाणकारही फसू शकतो. गॅसचा हीटर, गॅसचा गीझर, लाकडाची शेगडी, बर्फात अडकलेली आणि चालू ठेवलेली मोटार किंवा खिडकीशी ठेवलेला जनरेटर, यांपैकी कशातूनही तो येऊ शकतो. एका छताखालच्या अनेकांना एकदम त्रास होऊ लागला आणि बाहेर गेल्यावर तो कमी झाला, तर आधी या वायूचाच संशय घ्यावा, घर ताबडतोब सोडावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. ज्वलनावर चालणारे कोणतेही साधन असलेल्या घराला मी आता पहिला प्रश्न हाच विचारते: अलार्म आहे का, तो कुठे बसवला आहे आणि धुराडे शेवटचे कधी साफ केले? उत्तर मोघम आले, तर तिथे बुकिंग करत नाही. शिवाय बॅटरीवर चालणारा, तळहाताएवढा अलार्म आता आमच्या बॅगेत कायमचा असतो आणि पोहोचल्यावर बुटांच्या आधी तो बाहेर निघतो.

कॉटेजचे उरलेले दोष याच्या तुलनेत किरकोळ, पण नोंदवण्यासारखे आहेत. रात्री मदतीला कुणी नव्हते. रस्त्यावरचा बर्फ कोण आणि कधी काढणार, हे कुणाला ठाऊक नव्हते. वीज दोनदा गेली आणि विजेबरोबर नळाचे पाणीही गेले. मुलांची झोपण्याची जागा पोटमाळ्यावर होती आणि तिथे जायला जिन्याऐवजी शिडी होती. छायाचित्रात हा पोटमाळा फार गोड दिसत होता. चार वर्षांचे मूल रात्री अर्धवट झोपेत लघवीला उठते, तेव्हा त्या शिडीकडे पाहून पोटात गोळा येतो. आम्ही दोन्ही गाद्या खाली आणल्या आणि सहाही रात्री दिवाणखान्यात अंथरल्या. म्हणजे दोन शयनगृहांच्या घरात पुन्हा एका खोलीतले आयुष्य सुरू झाले.

बंक बेडचेही तसेच आहे. मुले त्याच्यावर भाळतात आणि जागा वाचते म्हणून निवासांतही तो सर्रास असतो. सहा वर्षांखालील मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नये आणि वरच्या पलंगाला दोन्ही बाजूंनी, भिंतीकडूनसुद्धा, आडकठडा असावा. जिने आणि बाल्कनी यांच्या कठड्यांना उभे गज असावेत आणि दोन गजांमधली फट १० सेंटीमीटरहून कमी असावी. अनेक देशांच्या बांधकाम नियमांत हेच प्रमाण आढळते, कारण त्याहून मोठ्या फटीतून लहान मुलाचे अंग निसटू शकते. डोंगरातल्या जुन्या लाकडी घरांत आडव्या फळ्यांचे कठडे फार आवडीने केलेले असतात, आणि आडवी फळी ही चढणाऱ्या मुलासाठी तयार शिडीच असते. लाकडाच्या शेगडीची काच आग विझल्यानंतरही बराच वेळ भाजण्याइतकी तापलेली राहते, तेव्हा तिच्यापुढे जाळी आहे का ते पाहावे. गीझरचे पाणीही पोहोचल्यावर एकदा हाताने पाहून घ्यावे. ६० अंशांचे पाणी मुलाची त्वचा काही सेकंदांत भाजते, आणि थंडीच्या ठिकाणी गीझर असे चढेच लावलेले असतात.

जाहिरातीत ठळक अक्षरांत असलेल्या बऱ्याच गोष्टींबद्दल मला लिहावेसेच वाटत नाही. तरणतलाव असला तर बरा, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. गरम पाण्याचा जाकुझी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नसतोच. खेळघर एका पावसाळी दुपारीपुरते उपयोगी पडते. खिडकीतल्या देखाव्याकडे आमच्या मुलांनी चारही सुट्ट्यांत मिळून दहा मिनिटे पाहिले असेल.

ज्या सोयीची जाहिरात कुणीच करत नाही, ती चौथ्या सुट्टीतल्या गेस्ट हाऊसमध्ये मिळाली आणि तिथेच मी या प्रकारच्या प्रेमात पडले. दारातून आत शिरल्याबरोबर, खोल्यांच्या आधी, कपडे वाळवण्याची एक लहान खोली होती. भिंतीलगत गरम पाण्याच्या नळ्या, त्यांवर लाकडी पट्ट्या, बूट उलटे अडकवायला खुंट्या, आणि माझ्या कमरेएवढ्या उंचीवर मुलांसाठी वेगळ्या खुंट्यांची एक ओळ. प्रत्येक खुंटीखाली खडूने मुलाचे नाव लिहिलेले होते. आम्ही पोहोचण्याआधीच माझ्या दोन्ही मुलांची नावे तिथे होती. मुलगा रोज संध्याकाळी न सांगता आपले हातमोजे आपल्या खुंटीवर लावायचा आणि सकाळी ते कोरडे, कोमट हाती यायचे. ज्यांनी ओले हातमोजे हॉटेलच्या हीटरवर टाकून सकाळी ते बाहेरून करपलेले आणि आतून ओलसरच सापडल्याचे पाहिले आहे, त्यांना या खोलीचे मोल वेगळे सांगायला नको. तशी खोली नसेल, तर निदान न्हाणीघरात तापणारी दांडी आणि बाहेर बूट ठेवायला आडोसा आहे का, ते विचारावे. बाहेरची थंड हवा खोलीत तापली की फार कोरडी होते आणि मुलांच्या नाकातून रक्त येते. अशा वेळी धुतलेले दोन टॉवेल खोलीतच पसरून ठेवले, की दोन्ही कामे होतात.

या गेस्ट हाऊसमध्ये आम्हाला आतल्या दाराने जोडलेल्या दोन लहान खोल्या मिळाल्या. स्वयंपाकघर आपले नव्हते, पण मालकीणबाई संध्याकाळी सहाला मुलांचे जेवण वेगळे वाढायच्या आणि रात्री दुधासाठी शेगडी वापरू द्यायच्या. उंची सुमारे १,४०० मीटर होती. बर्फात खेळायला जायची बस दारासमोरच थांबायची. सकाळी मुले जेवत असताना मालकीणबाई वरच्या वाटांची आणि हवेची माहिती द्यायच्या, आणि पहिल्याच सकाळी त्यांनी मुलीच्या टोपीकडे बघून सांगितले, “ही टोपी कान झाकते, पण डोळ्यांचे काय? बर्फावरचे ऊन खालूनही लागते, बाळा.” त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. दर १,००० मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. त्यांनी कपाटातून मुलांच्या मापाचे दोन चष्मे काढून दिले.

उणिवा तिथेही होत्या. भिंती पातळ होत्या आणि रात्री नऊनंतर शांतता पाळण्याचा नियम कडक होता, त्यामुळे मुलगा रात्री रडला की आम्ही संकोचून जायचो. न्हाणीघर एकच आणि तेही अरुंद. तान्हे बाळ घेऊन मी तिथे गेले नसते. अशा घरात इतर पाहुण्यांची झोप आपल्या हाती असते आणि त्या दडपणाखाली सुट्टी घालवण्यात अर्थ नाही. बाळ असताना मी रात्रभर रिसेप्शन असलेले, आतल्या दाराने जोडलेल्या खोल्यांचे हॉटेल निवडीन. मूल दोन ते पाच वर्षांचे असेल, तर रोपवेच्या पातळीवरचे, पायऱ्या नसलेले अपार्टमेंट. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी गेस्ट हाऊसला तोड नाही. स्वतंत्र कॉटेज मी दोन कुटुंबे मिळून जाणार असतील, तरच घेईन. चार प्रौढ असले की रात्रीची जबाबदारी वाटली जाते आणि एखाद्याला खाली गावात जावे लागले तरी घर मोकळे पडत नाही.

दुसऱ्यांची परीक्षणे वाचताना मी एकूण गुणांकडे आता बघतच नाही. आपण जाणार त्याच ऋतूत, आपल्या मुलांच्या वयाची मुले घेऊन गेलेल्यांनी काय लिहिले आहे, एवढेच वेचून वाचते. ‘शांत जागा’ म्हणजे बहुधा दूर, ‘पारंपरिक’ म्हणजे शिडी आणि ठेंगणी दारे, ‘उबदार’ म्हणजे लहान, असे अर्थ लावायचीही सवय झाली आहे. मालकाला प्रश्न विचारताना मोघम विचारले, तर उत्तरही मोघम येते. ‘मुलांसाठी सुरक्षित आहे ना?’ याला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘जिन्याच्या गजांमधली फट किती सेंटीमीटर आहे?’ याला मोजूनच उत्तर द्यावे लागते. आणि बर्फामुळे रस्ता बंद झाला, तर पैसे परत मिळतील की तारीख बदलून मिळेल, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्यावे; तोंडी आश्वासने हंगामाच्या गर्दीत कुणाला आठवत नाहीत.

येत्या सुट्टीसाठी आम्ही बहिणीच्या कुटुंबासह १,५०० मीटरवरचे एक दुमजली घर पाहिले आहे. आतल्या दाराच्या तीन खोल्या आहेत, कुकर आहे, अलार्म दोन आहेत आणि धुराडे हिवाळ्याआधी साफ केल्याची पावती मालकाने दाखवली. जिन्याबद्दल मात्र खात्री होत नव्हती, कारण बहिणीचा मुलगा दीड वर्षाचा आहे. काल संध्याकाळी मालकाने दोन गजांमध्ये मोजपट्टी धरून काढलेले छायाचित्र पाठवले: पट्टीवर साडेनऊ सेंटीमीटर स्पष्ट दिसतात. आज सकाळी आगाऊ रक्कम भरली.